देखरेख करणाऱ्याची ओळख : सर्व्हर व क्लायंट यांच्यातील परस्पर ओळख-पडताळणीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पोशीर या गावी प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य आहे. पावसाळ्यात येथे वीज गेली की गावकरी वायरमनला फोन करतात. वायरमन आवाजावरून माणूस ओळखतो, कोणत्या खांबापासून अंधार आहे एवढे विचारतो आणि निघतो. फोन करणाऱ्यालाही पलीकडे वायरमनच बोलतो आहे याची खात्री असते. कोणी कोणाला ओळखपत्र दाखवीत नाही. तरीही दोन्ही बाजूंची ओळख पटलेली असते. या साध्या व्यवहारात जे सहज घडते ते दोन यंत्रांमध्ये घडवून आणणे अत्यंत अवघड असते आणि ते घडवून आणल्याचा आभास निर्माण करणे मात्र फारच सोपे असते. प्रस्तुत लेखाचा विषय हा आभास होय.

आज लहानमोठ्या संस्थांमध्ये प्रवेश, ग्रंथालय, परीक्षा, शिष्यवृत्ती अशा कामांसाठी वेगवेगळे अनुप्रयोग चालतात. ते चालू आहेत की बंद पडले, त्यांच्यावर किती ताण आहे, चुका कोठे होत आहेत, हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र देखरेख सर्व्हर बसविला जातो. ज्यांच्यावर देखरेख ठेवावयाची ते अनुप्रयोग म्हणजे त्याचे क्लायंट. या दोहोंमध्ये ओळख-पडताळणीची व्यवस्था कशी असावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक आणि दुय्यम वाटतो. अभ्यासक्रमात त्याला स्थान नाही आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत तो 'युजरनेम व पासवर्ड द्यावा' एवढ्या एका ओळीत संपतो. परंतु देखरेख करणाऱ्याच्या हाती सर्व घरांच्या किल्ल्या असतात, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली की या एका ओळीचे गांभीर्य जाणवू लागते.

परिभाषेचा घोळ

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मराठी परिभाषेविषयी काही लिहिणे आवश्यक आहे, कारण विद्यार्थ्यांच्या मनातील गोंधळाचे एक मूळ तेथे आहे. 'प्रमाणीकरण' हा शब्द आपण किमान तीन अर्थांनी वापरतो. भाषेचे प्रमाणीकरण म्हणजे तिला प्रमाण रूप देणे. वस्तूचे प्रमाणीकरण म्हणजे ती ठरावीक दर्जाची आहे असा दाखला देणे. आधारच्या संदर्भात प्रमाणीकरण म्हणजे समोरची व्यक्ती स्वतःविषयी जे सांगते ते खरे आहे याची खातरजमा करणे. शासकीय परिभाषेत या तिसऱ्या अर्थासाठी 'अधिप्रमाणन' हा शब्द आहे; तो नेमका असला तरी वर्गात उच्चारताच विद्यार्थी मान खाली घालतात. म्हणून प्रस्तुत लेखात 'ओळख-पडताळणी' हा शब्द वापरला आहे. ओळख पटल्यानंतर त्या व्यक्तीस वा यंत्रास काय करण्याची मुभा आहे हे ठरविणे ही निराळी क्रिया असून तिला 'अधिकारदान' म्हटले आहे. या दोन क्रियांची गल्लत हा पुढे येणाऱ्या जवळजवळ सर्व दोषांचा उगम आहे.

वस्तुतः आपल्या जुन्या व्यवहारात या संकल्पना अधिक स्पष्ट होत्या. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब उमटविलेले असे. मुद्रेने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकूर येथेच संपला, त्यापुढे कोणी काही घुसडलेले नाही, हे कळे. 'शिक्कामोर्तब' हा आज आपण एकच शब्द म्हणून वापरतो, पण त्यात पाठविणाऱ्याची ओळख आणि मजकुराची अखंडता अशा दोन निरनिराळ्या हमी आहेत. आजच्या संगणकीय प्रमाणपत्रांवर व स्वाक्षऱ्यांवर व्याख्यान देताना लेखकास याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील 'ओळखदार' हेही असेच उदाहरण. दस्त करून देणाऱ्याला निबंधक ओळखत नाही. म्हणून त्याला ओळखणारे दोन इसम उभे राहतात. मात्र निबंधक हा खरोखर निबंधकच आहे काय, असे कोणी विचारीत नाही. त्याचे कार्यालय, त्याची खुर्ची आणि भिंतीवरील फलक हीच त्याची ओळख. संगणकाच्या जाळ्यात खुर्ची नसते व फलकही नसतो, किंबहुना कोणीही हुबेहूब तसाच फलक लावू शकतो. तरीसुद्धा बहुतेक देखरेख-प्रणालींची रचना अशीच आहे की क्लायंटने आपली ओळख द्यावी आणि सर्व्हरची ओळख गृहीत धरावी. काही प्रणालींत तर याच्या नेमके उलट.

एका प्रचलित साधनाची तपासणी

जावा भाषेतील स्प्रिंग बूट या चौकटीवर उभारलेल्या अनुप्रयोगांच्या देखरेखीसाठी 'स्प्रिंग बूट अ‍ॅडमिन' हे मुक्त-स्रोत साधन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. कोडसेंट्रिक या जर्मन कंपनीने ते विकसित केले. ते विनामूल्य आहे, अर्ध्या दिवसात उभे राहते आणि त्याचा पडदा पाहिला की प्राचार्यांनाही समाधान वाटते. याच कारणांमुळे येथे त्याची निवड तपासणीसाठी केली आहे. पुढील टीका एका साधनापुरती मर्यादित नाही.

या व्यवस्थेत दोन निरनिराळे संवाद होतात आणि त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या संवादात क्लायंट सर्व्हरकडे जाऊन नोंदणी करतो : माझे नाव अमुक, माझा पत्ता तमुक. दुसऱ्या संवादात सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन माहिती मागतो : तुझी प्रकृती कशी आहे, स्मृती किती व्यापली, नोंदी दाखव. पहिल्या संवादात क्लायंटने स्वतःस सिद्ध करावयाचे असते, तर दुसऱ्यात सर्व्हरने. म्हणजे एका व्यवस्थेत किमान दोन किल्ल्या हव्यात आणि त्या वेगळ्या हव्यात. साधनाचे कर्ते हे प्रामाणिकपणे मान्य करतात की वितरित अनुप्रयोगांत ओळख-पडताळणीचे अनेक मार्ग असल्यामुळे त्यांनी कोणताही एक मार्ग आपल्या वतीने बसवून दिलेला नाही. तात्त्विकदृष्ट्या ही भूमिका योग्य आहे. परंतु तिचा व्यावहारिक परिणाम असा की सूचनांप्रमाणे जेवढे अनिवार्य तेवढेच करणाऱ्याचा सर्व्हर पूर्णपणे उघडा राहतो. कोणीही नोंदणी करावी आणि कोणीही पाहावे.

यापुढे जाऊन जो पासवर्ड लावतो तो काय करतो? बहुतेक नमुना-मांडण्यांत सर्व्हरवर एकच वापरकर्ता असतो. देखरेख करणारा मनुष्य पडद्यावर प्रवेश करण्यासाठी जो पासवर्ड वापरतो, तोच क्लायंट अनुप्रयोगांच्या मांडणी-फाईलमध्ये नोंदणीसाठी लिहिलेला असतो. याचा अर्थ असा की ग्रंथालयाच्या क्षुल्लक अनुप्रयोगाची फाईल ज्याच्या हाती पडली त्याला संपूर्ण देखरेख-पडदा खुला झाला, आणि त्या पडद्यातून इतर सर्व अनुप्रयोगांचे अंतरंग. येथे ओळख-पडताळणी झालेली आहे. झालेले नाही ते अधिकारदान. क्लायंटला केवळ 'मी येथे आहे' एवढे कळविण्याची मुभा हवी होती, त्याला मिळाली ती पर्यवेक्षकाची खुर्ची.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. सर्व्हरने क्लायंटकडे जाताना कोणता पासवर्ड वापरावा हे त्याला कसे कळावे? एक मार्ग असा की नोंदणीच्या वेळी क्लायंटनेच तो सोबतच्या माहितीत पाठवावा. हा पासवर्ड पडद्यावर झाकलेला दिसतो हे खरे, परंतु वाहतूक एचटीटीपीएसने होत नसेल तर तारेवरून तो उघडाच जातो. मूलभूत पद्धतीत जे बेस-६४ रूपांतर होते त्याला विद्यार्थी 'कूटलेखन' समजतात. ते केवळ लिप्यंतर आहे. सेवांची सामायिक नोंदवही वापरली असेल तर ती वाचू शकणाऱ्या प्रत्येकास ते पासवर्ड मिळू शकतात, असा इशारा साधनाच्या दस्तऐवजात दिलेला आहे. तो किती जण वाचतात, हा वेगळा प्रश्न.

दुसरा मार्ग असा की सर्व्हरमध्येच सर्व क्लायंटसाठी एक सामायिक पासवर्ड ठेवावा. हा अधिक सुरक्षित वाटतो, कारण नोंदणीबरोबर काहीच पाठवावे लागत नाही. पण समजा, नोंदणीचा पासवर्ड मिळविलेल्या कोणी एक बनावट क्लायंट उभा केला आणि स्वतःचा पत्ता नोंदविला. सर्व्हर आपल्या कर्तव्यास जागून त्या पत्त्यावर प्रकृतीची चौकशी करण्यास जाईल आणि जाताना तो सामायिक पासवर्ड सोबत नेऊन बनावट क्लायंटच्या हाती ठेवील. त्या पासवर्डाने उरलेले सर्व खरे क्लायंट उघडतील. पहारेकऱ्याने नवीन घराची कडी वाजवून गावाच्या किल्ल्यांचा जुडगा दारातल्या अनोळखी माणसाला दाखवावा, तसा हा प्रकार आहे. सर्व्हरने क्लायंटची पत्त्यासह ओळख पटवून घेतल्याशिवाय स्वतःची ओळख देणे हाच येथील मूळ दोष होय.

देखरेख म्हणजे काय दिसते?

'देखरेख' या शब्दामुळे आपली अशी समजूत होते की येथे केवळ पाहणे आहे, बदल करणे नाही. ती चुकीची आहे. याच दारातून नोंदींची पातळी बदलता येते, म्हणजे अनुप्रयोग काय लिहून ठेवतो आणि काय वगळतो यावर नियंत्रण मिळते. आणि पाहण्याचेच म्हणाल तर 'हीप डंप' या सोयीने अनुप्रयोगाच्या संपूर्ण स्मृतीचे चित्र एका फाईलमध्ये उतरवून घेता येते. त्या क्षणी स्मृतीत जे जे असेल, डेटाबेसचा पासवर्ड, नुकत्याच प्रवेश केलेल्या विद्यार्थ्याचे नाव, बँक खाते, ते सर्व त्या फाईलमध्ये जसेच्या तसे असते.

स्प्रिंग बूटच्या कर्त्यांनी या बाबतीत हळूहळू दारे आवळत नेली आहेत. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून वेबवर मोजकीच दारे आपोआप उघडी राहतात. २०२२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून परिस्थिती-चलांची मूल्ये झाकली जातात. २०२५ मधील ३.५ या आवृत्तीपासून स्मृतिचित्राची सोय मुळात बंद असते. परंतु देखरेखीचा पडदा भरलेला दिसावा म्हणून बसविणारा एक तारांकन लिहितो आणि सर्व दारे पुन्हा उघडतो. लेखकाने पाहिलेल्या बहुतेक पाठ-उदाहरणांत ते तारांकन दुसऱ्याच पानावर आहे.

याचे परिणाम काल्पनिक नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबने उघड केले की फोक्सवॅगन समूहाच्या सॉफ्टवेअर कंपनीकडील सुमारे ८ लाख विजेवरील मोटारींची माहिती, त्यांपैकी अनेकींच्या नेमक्या ठावठिकाण्यासह, बाहेरच्या माणसाला मिळू शकत होती. त्या माहितीपर्यंत नेणारी किल्ली एका उघड्या स्मृतिचित्रात सापडली होती. मे २०२५ मध्ये टेलीमेसेज या संदेश-जतन सेवेच्या सर्व्हरमधून माहिती बाहेर गेली, तेव्हाही दार हेच होते. एवढ्या मोठ्या संस्थांकडून जे सुटले ते एका तालुक्याच्या ठिकाणी सुटणार नाही असे मानण्यास आधार नाही.

तसे ते सुटलेही. या जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेत असा देखरेख सर्व्हर बसविण्यात आला. तो प्रस्तुत लेखकानेच बसविला होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. वितरित प्रणालींवर एम.फिल.ची प्रबंधिका लिहिलेली असल्यामुळे हे काम आपोआप अंगावर आले आणि आत्मविश्वासही वाजवीपेक्षा जास्त होता. चार अनुप्रयोग, एक पासवर्ड, एक तारांकन. वर्षभर सर्व सुरळीत चालले. नंतर तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्यास ग्रंथालयाच्या अनुप्रयोगात प्रकल्पासाठी काही बदल करण्यास दिले असता त्याने मांडणी-फाईल उघडली, त्यातील पत्ता व पासवर्ड ब्राउझरमध्ये टाकून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, हा ग्रंथालयाचा पासवर्ड आहे ना? मग यातून शिष्यवृत्तीचं सगळं कसं दिसतं?"

शिष्यवृत्तीच्या अनुप्रयोगाचे स्मृतिचित्र त्या सायंकाळी लेखकाने स्वतः उतरवून घेतले आणि त्यात साधा शब्दशोध केला. काही मिनिटांतच नावे, खाते क्रमांक आणि जातीच्या दाखल्यांचे क्रमांक समोर आले. त्यांत ठाकूर व कातकरी समाजातील विद्यार्थ्यांची नावे होती. या मुलांच्या घरी बँक खाते उघडले गेले ते अनेकदा केवळ शिष्यवृत्तीसाठी. 'माहिती कोणाच्या हाती पडली काय' या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही आणि आजही देता येत नाही, कारण सर्वजण एकाच नावाने आत येत होते. नोंदवहीत हजारो ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीवर तोच एक वापरकर्ता होता. सामायिक पासवर्डाची खरी किंमत येथे कळते. तो चोरी सुलभ करतोच, शिवाय चोरी झाली नाही हे सिद्ध करण्याचे साधनही काढून घेतो.

महाराष्ट्रातील दोन प्रसंग

यंत्रायंत्रांमधील ओळखीचा प्रश्न महाराष्ट्राने सर्वांत महागात अनुभवला तो पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणात. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतील सुमारे ७८ कोटी २८ देशांतील एटीएममधून काढण्यात आले, काही रक्कम देशांतर्गत काढली गेली आणि जवळपास १४ कोटी स्विफ्ट व्यवस्थेतून हाँगकाँगमधील खात्याकडे वळविण्यात आले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. वर्तमानपत्रांतून या घटनेचे वर्णन 'कार्डे क्लोन करून लूट' असे झाले. ते अर्धेच आहे. एटीएमकडून आलेली विनंती कार्ड-व्यवस्थेमार्फत बँकेच्या स्विचकडे जाते, स्विच ती मुख्य बँकिंग प्रणालीस विचारतो आणि मग 'द्या' किंवा 'देऊ नका' असे उत्तर परत येते. हल्लेखोरांनी या साखळीत एक प्रति-स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीस काहीच न विचारता 'द्या' असे उत्तर देत राहिला. म्हणूनच ठेवीदारांच्या खात्यातून रक्कम वजा झाली नाही. त्यांच्या खात्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व असे की येथे विचारणाऱ्याची नव्हे, तर उत्तर देणाऱ्याची ओळख बनावट होती. सुरक्षाविषयक आपली सगळी सवय दारावर येणाऱ्यास थांबविण्याची आहे. आपण ज्याच्या दारी जातो तो तोच आहे काय, हे तपासण्याची सवय आपल्याला नाही. देखरेख सर्व्हरही असाच दारोदार जाऊन 'ठीक आहे ना?' असे विचारतो, आणि कोणीही 'ठीक आहे' म्हणू शकतो.

दुसरा प्रसंग १२ ऑक्टोबर २०२० चा. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचा तो काळ होता आणि रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. १ मार्च २०२१ रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितले की वीज कंपनीच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन हॉर्स शिरविले गेले असावेत आणि हिशेब न लागणारी ८ जीबी माहिती परदेशी सर्व्हरवरून आलेली असावी. त्याच सुमारास रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने भारतीय वीजक्षेत्रावरील चिनी हेरगिरीविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला होता. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मुंबईचा अंधार ही मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हता, असे सांगितले.

या दोन विधानांपैकी खरे कोणते, हा वाद पुढे राजकीय झाला आणि विरून गेला. प्रस्तुत लेखकास त्यात पडावयाचे नाही. मात्र एक निरीक्षण नोंदविले पाहिजे. चर्चा सर्वस्वी 'चीनने केले की नाही' या प्रश्नाभोवती फिरली. जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीत उपकेंद्राकडून येणारे वाचन खरोखर त्या उपकेंद्राचेच आहे, आणि नियंत्रण कक्षाकडून जाणारी आज्ञा खरोखर त्या कक्षाचीच आहे, हे कोणत्या यंत्रणेने निश्चित होते, असे विधिमंडळात वा वृत्तपत्रांत ठळकपणे विचारले गेल्याचे लेखकाच्या वाचनात नाही. औद्योगिक नियंत्रणाचे जुने संदेश-संकेत अशा काळी घडले जेव्हा तार कंपनीच्याच कुंपणात असे. त्यांत ओळखीची तरतूद नव्हती कारण तिची गरज नव्हती. मॉडबस हा १९७९ चा संकेत त्याचे ठळक उदाहरण आहे. आमच्या कर्जत-खालापूर भागाला वीजनिर्मितीचा शंभर वर्षांचा इतिहास आहे : खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे आणि भिवपुरीचे १९२२ चे. अशा केंद्रांच्या आरंभीच्या पिढ्यांना कुंपण आणि टेलिफोनवरचा ओळखीचा आवाज पुरेसा होता. कुंपण गेले; संकेत मात्र पुष्कळ ठिकाणी तेच राहिले.

अन्य साधने

हा दोष एका साधनाचा नाही हे दाखविण्यासाठी थोडक्यात उल्लेख पुरे. जाळ्यातील उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ओळख म्हणजे एक उघडा शब्द होता, आणि असंख्य उपकरणांत तो 'पब्लिक' हाच राहिला. खरी ओळख-पडताळणी आणि कूटलेखन तिसऱ्या आवृत्तीत आले. झॅबिक्समध्ये सर्व्हर व एजंट यांच्यातील कूटलेखन २०१६ च्या ३.० आवृत्तीत आले. त्याआधी पत्त्यांची यादी हीच काय ती मर्यादा. प्रोमिथियसच्या कर्त्यांनी हे काम अनेक वर्षे बाहेरच्या साधनांवर सोपविले होते आणि २०२१ च्या आरंभी ती सोय आत घेतली. सर्वत्र क्रम एकच : आधी पाहण्याची सोय, मग अनेक वर्षांनी पाहणाऱ्याची ओळख.

हे काम सोपे आहे असा दावाही कोणी करू नये. परस्पर ओळखीचा नीडहॅम व श्रोडर यांचा प्रसिद्ध संकेत १९७८ मध्ये मांडला गेला. त्याच्या सार्वजनिक-किल्लीच्या रूपातील उणीव गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये दाखवून दिली. कागदावर अवघ्या काही ओळींत मावणाऱ्या त्या संवादातील दोष सतरा वर्षे दडून राहिला, आणि दोष काय होता, तर उत्तरात उत्तर देणाऱ्याचे नाव घातलेले नव्हते.

काय करता येते

संबंधित संस्थेत पुढे जे बदल केले त्यांचा वृत्तांत देणे उपयुक्त ठरेल. प्रथम तारांकन काढले. प्रकृती, मोजमापे आणि मर्यादित नोंदी एवढीच दारे ठेवली. ती दारेही अनुप्रयोगाच्या मुख्य मार्गावरून काढून वेगळ्या पोर्टवर नेली, जेथे केवळ देखरेख सर्व्हर पोचू शकतो. नोंदणीसाठी प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र नाव व पासवर्ड दिला आणि त्या नावास पडदा पाहण्याची मुभा ठेवली नाही. मनुष्यांची खाती वेगळी केली, प्रत्येकाच्या नावाने. सर्वांत अधिक वेळ गेला तो परस्पर प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेत. यात सर्व्हर आणि क्लायंट दोघेही संभाषणाच्या आरंभीच आपापले प्रमाणपत्र दाखवितात आणि दोघेही समोरच्याचे तपासतात. पासवर्ड तारेवरून जातच नाही. बनावट क्लायंटकडे संस्थेने स्वाक्षरित केलेले प्रमाणपत्र नसल्यामुळे सर्व्हर त्याच्याशी बोलतच नाही, आणि पूर्वी वर्णिलेला जुडग्याचा प्रसंग उद्भवत नाही.

या मार्गावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की लहान संस्थेस एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर आता कायद्यानेही दिले आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. सर्वजण एकाच नावाने वावरत असतील तर जतन केलेल्या नोंदी केवळ जागा अडवितात. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अर्थात दंडाच्या भीतीने जे होते ते बहुधा कागदावर होते. नॅक समितीच्या भेटीपूर्वी रंगविलेल्या भिंती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या विद्यार्थ्यांच्या खात्यांची यादी कायदा नसतानाही तेवढीच उघडी होती, हे उत्तर लेखकास अधिक महत्त्वाचे वाटते.

दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला आणि तो अधिक अवघड आहे. "तुम्ही सर्व किल्ल्या वेगळ्या केल्या, पण प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करणारी मूळ किल्ली कोणाकडे?" ती एका पेनड्राइव्हमध्ये, सीलबंद लिफाफ्यात, कार्यालयाच्या कपाटात आहे. कपाटाची चावी मुख्य लिपिकांकडे आहे. लिफाफ्याच्या जोडावर प्राचार्यांची सही असून कार्यालयाचा गोल शिक्का आहे. म्हणजे संपूर्ण गणिती व्यवस्थेचा पाया शेवटी एका लाखेच्या ठशावर आणि तो ओळखणाऱ्या दोन माणसांवर येऊन ठेपतो. त्यांपैकी एकजण पुढील वर्षी निवृत्त होत आहेत.

शिवाय प्रमाणपत्रांना मुदत असते. लेखकाने ती एक वर्षाची ठेवली. पहिल्या वर्षी नूतनीकरण विसरले गेले आणि एका सोमवारी सकाळी देखरेखीच्या पडद्यावर चारही अनुप्रयोग लाल झाले. ते सर्व व्यवस्थित चालू होते; ओळख तेवढी संपली होती. प्रवेशाचे दिवस होते. दूरध्वनीवरून 'तात्पुरते जुने सुरू करा' अशी सूचना आली, आणि ते करणे एका मिनिटाचे काम होते, कारण तारांकन असलेली जुनी फाईल अद्याप त्याच संगणकावर होती. नूतनीकरणास चार तास लागले. तेवढा वेळ पडदा लाल राहिला. ती जुनी फाईल त्यानंतर पुसून टाकली असून नूतनीकरणाची तारीख आता प्रयोगशाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेली असते. परिचरांना तो कोपरा पुसू नये असे सांगितले आहे.